मापाचे माप कोणी घ्यायचे?

(गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



'मापात पाप' हा शब्दप्रयोग मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पायली, कुडव आणि खंडीच्या काळात तो जन्मला आणि किलो-क्विंटलच्या काळातही तो जुना झालेला नाही. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अंमलात आला, आणि तराजूवर सरकारी शिक्का असला पाहिजे ही गोष्ट बाजारातल्या साध्या माणसाच्याही अंगवळणी पडली. परंतु आजच्या व्यवहारात वजन ही निम्मीच गोष्ट उरली आहे. उरलेली निम्मी म्हणजे मालाचा दर्जा. वजन काट्यावर सर्वांना दिसते. दर्जा मात्र उपकरण सांगते, प्रतवारी करणारा सांगतो किंवा दूरची एखादी प्रयोगशाळा सांगते. त्या उपकरणावर, त्या माणसावर आणि त्या प्रयोगशाळेवर शिक्का कोणाचा? दर्जाचे माप घेणाऱ्याचे माप कोणी घ्यायचे? हा प्रश्न वरवर तांत्रिक भासतो. वस्तुतः तो सत्तेचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो समाजवादी कार्यकर्त्याचाही प्रश्न आहे.

गोंदियापेक्षा या प्रश्नाला अधिक योग्य भूमी शोधूनही सापडणार नाही. १९५४ च्या पोटनिवडणुकीत अशोक मेहता ज्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेवर गेले, त्या जुन्या भंडारा जिल्ह्याचा हा एक भाग. १ मे १९९९ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. तलावांचा आणि धानाचा हा मुलूख. येथील शेतकऱ्याचे वर्षाचे गणित धानाच्या बांधीत मांडले जाते आणि आधारभूत खरेदी केंद्रावर सुटते किंवा फिसकटते. बिगर-आदिवासी क्षेत्रात मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी क्षेत्रात आदिवासी विकास महामंडळ अशा दोन यंत्रणा ही खरेदी करतात. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने सामान्य धानाला क्विंटलमागे २३६९ रुपये आधारभूत किंमत जाहीर केली. परंतु ही किंमत कोणत्याही धानाला मिळत नाही. धान 'सर्वसाधारण चांगल्या दर्जाचे' असले तरच ती मिळते. या दर्जाची व्याख्या केंद्रीय अन्न खाते करते. माती-खडे एक टक्क्याहून अधिक नसावेत. काडीकचरा एक टक्क्याहून अधिक नसावा. अपक्व आणि सुरकुतलेले दाणे तीन टक्क्यांच्या आत असावेत. हलक्या प्रतीच्या धानाची भेसळ सहा टक्क्यांच्या आत असावी. आणि ओलावा सतरा टक्क्यांहून अधिक नसावा.

या अटी मुळातच अन्यायकारक आहेत असे म्हणता येणार नाही. ओले धान गोदामात तापते, बुरशीने खराब होते, आणि शेवटी ते रेशनकार्डधारकाच्याच ताटात येते. अट हवीच. प्रश्न असा आहे की ओलावा सतरा टक्के आहे की अठरा, हे ठरविते कोण आणि कशाच्या आधारे?

खरेदी केंद्रावर ओलावामापक नावाचे लहानसे यंत्र असते. त्यात मूठभर धान घातले की आकडा दिसतो, आणि तो आकडा म्हणजे जणू ब्रह्मवाक्य. परंतु हे यंत्र पाणी मोजत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. दाण्याचा विद्युत गुणधर्म ते मोजते आणि त्यावरून ओलाव्याचा अंदाज बांधते. धानाचा वाण बदलला, हवेचे तापमान बदलले, यंत्राचे भांडे मळलेले असले किंवा बॅटरी उतरलेली असली, तर हा अंदाज ढळतो. खरे माप प्रयोगशाळेत निघते. भारतीय मानक आयएस ४३३३ च्या दुसऱ्या भागात त्याची रीत दिलेली आहे. दाणे दळून त्यांचे अचूक वजन करायचे, सुमारे १३० अंश सेल्सिअसला ठराविक वेळ भट्टीत ठेवून सुकवायचे आणि पुन्हा वजन करायचे. जितके वजन घटले तितका ओलावा. केंद्रावरचे यंत्र या भट्टीच्या मापाशी वेळोवेळी ताडून पाहिले असेल, तरच त्याच्या आकड्याला अर्थ आहे. या ताडून पाहण्यालाच शास्त्रीय भाषेत अंशशोधन म्हणतात.

साखळी येथेच संपत नाही. भट्टीचा तापमापक बरोबर आहे कशावरून? प्रयोगशाळेचा तराजू बरोबर आहे कशावरून? तो प्रमाणित वजनांशी ताडलेला असला पाहिजे. ती वजने त्याहून अचूक वजनांशी. आणि असे वर चढत गेल्यास ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. भारताच्या किलोग्रॅमचा राष्ट्रीय नमुना, क्रमांक ५७, त्या प्रयोगशाळेच्या ताब्यात आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून नव्हे, तर निसर्गातील एका स्थिरांकावरून केली जाते. म्हणजे जगातील श्रेष्ठ शास्त्रज्ञांनी मापाचे माप घेण्यासाठी एवढा खटाटोप केला. सालेकशाच्या किंवा देवरीच्या शेतकऱ्याच्या धानात घातलेले यंत्र त्या साखळीला जोडलेले आहे की मधलीच कडी तुटलेली आहे, हे विचारण्याची रीत मात्र अद्याप पडलेली नाही.

ही कडी तुटली तर किती रुपयांचा फरक पडतो? चाळीस क्विंटल, म्हणजे चाळीस किलोचे शंभर कट्टे, धान घेऊन एखादा शेतकरी केंद्रावर आला असे समजा. कट्ट्यामागे एक किलो जास्त भरून घेतले, तर शंभर किलो धान गेले, म्हणजे २३६९ रुपये गेले. ही लूट डोळ्यांना दिसते; तिच्याविरुद्ध ओरडही होते. आता दुसरे उदाहरण घ्या. धानाचा ओलावा खरोखर सतरा टक्के आहे, पण यंत्र अठरा दाखविते. धान परत जाते. शेतकरी ते पुन्हा वाळवितो आणि यंत्राने सतरा म्हणावे म्हणून ते खऱ्या सोळा टक्क्यांवर आणतो. या एका टक्क्यात चाळीस क्विंटलमागे सुमारे ४८ किलो वजन हवेत उडून जाते. अकराशे रुपयांहून अधिक नुकसान, शिवाय दुसऱ्यांदा वाहतूक, मजुरी आणि रांग. ज्याला थांबणे परवडत नाही तो त्याच दिवशी व्यापाऱ्याच्या दारात उभा राहतो आणि आधारभूत किमतीखाली धान विकतो. या लुटीत कोणी चोर दिसत नाही. म्हणून तिच्याविरुद्ध ओरडही होत नाही.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. यंत्र कमी ओलावा दाखवू लागले, किंवा ओळखीच्या माणसासाठी ते पाहिलेच गेले नाही, तर ओले धान गोदामात जाते. त्याचे नुकसान शेतमजुराच्या घरी पोहोचते. म्हणून चुकीचे माप हे शेतकरी विरुद्ध ग्राहक असे भांडण नाही. एकच चूक कधी शेतकऱ्याला मारते, कधी रेशनवर जगणाऱ्याला. आणि या जिल्ह्यात ही दोन माणसे पुष्कळदा एकाच घरात राहतात.

या रोगावर जगाने जी रीत शोधली, तिचे नाव अधिस्वीकृती. येथे तीन शब्दांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यांच्या घोटाळ्यावरच बरीच जाहिरातबाजी पोसली जाते. पहिला शब्द मानक: वस्तू कशी असावी किंवा चाचणी कशी करावी, याचा लिखित नियम. भारतात हे काम १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने सुरू केले. १९८७ पासून तिची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली. दुसरा शब्द प्रमाणन: एखादी वस्तू किंवा संस्था मानकाप्रमाणे आहे, असा दाखला. तिसरा शब्द अधिस्वीकृती: दाखला देणारा, चाचणी करणारा स्वतः त्या कामास लायक आणि निःपक्षपाती आहे काय, याची त्रयस्थाने केलेली तपासणी. तराजूवर शिक्का मारणाऱ्याच्या शिक्क्याची तपासणी, असे सोप्या भाषेत म्हणता येईल.

या कल्पनेचे घर ऑस्ट्रेलिया. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळा तपासण्यास विश्वासार्ह प्रयोगशाळा नाहीत असा अनुभव त्या देशाला आला आणि १९४७ साली तेथे प्रयोगशाळांच्या अधिस्वीकृतीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आज जगभर या कामाचे समान मानक आयएसओ/आयईसी १७०२५ हे आहे. त्याची अलीकडची आवृत्ती २०१७ ची. प्रयोगशाळेने काय दाखवून द्यावे, हे त्यात सांगितले आहे. माणसे प्रशिक्षित आहेत काय? उपकरणांचे अंशशोधन झाले आहे काय आणि मापांची साखळी अखंड आहे काय? निष्कर्षात किती चूक संभवते, हे प्रयोगशाळेने स्वतः काढून ठेवले आहे काय? तोच नमुना दुसऱ्या प्रयोगशाळांनीही तपासला असता उत्तर जुळते काय? ज्याचा माल तपासायचा त्याचा दबाव तपासणाऱ्यावर नाही ना? तक्रार आली तर तिची नोंद आणि निवारण होते काय?

भारतात हे काम राष्ट्रीय परीक्षण व अंशशोधन प्रयोगशाळा अधिस्वीकृती मंडळ, म्हणजे एनएबीएल, करते. येथे दोन गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याने गाठीशी बांधाव्यात. पहिली, अधिस्वीकृती इमारतीला मिळत नाही. ती एकेका चाचणीला मिळते. एखाद्या प्रयोगशाळेला पाणी तपासण्याची अधिस्वीकृती असेल आणि धान्य तपासण्याची नसेल, तर तिच्या पाटीवरचे चिन्ह धान्याच्या अहवालाला लागू होत नाही. म्हणून 'अधिस्वीकृती आहे काय' एवढेच न विचारता 'कोणत्या चाचण्यांची आहे, ती यादी दाखवा' असे विचारले पाहिजे. दुसरी, आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र म्हणजे चाचणीच्या अचूकतेची हमी नव्हे. संस्थेचा कारभार ठरलेल्या पद्धतीने चालतो एवढेच ते सांगते. पद्धतशीरपणे चुकीचे माप घेणे हेही अशक्य नसते.

आता या व्यवस्थेच्या टीकेकडे वळू. काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की हा सारा भांडवलदारांच्या निर्यात व्यापाराचा कागदी पसारा आहे. गरिबाला त्याचे काय? या म्हणण्यात सत्याचा अंश निश्चित आहे. भारतीय गुणवत्ता परिषद १९९७ साली स्थापन झाली ती केंद्र सरकार आणि असोचेम, सीआयआय व फिक्की या तीन उद्योगसंघटना यांच्या भागीदारीतून. २०१६ पासून एनएबीएल याच परिषदेचे घटक मंडळ आहे. देशाच्या गुणवत्तेची व्यवस्था उभारताना संस्थापक भागीदारांत एकही शेतकरी संघटना नव्हती, कामगार संघटना नव्हती, ग्राहक चळवळही नव्हती. शिवाय अधिस्वीकृती बहुतांशी ऐच्छिक आहे आणि तिला शुल्क पडते. परिणाम असा की ज्याला परदेशात माल विकायचा आहे तो ती घेतो. जेथे गिऱ्हाईक गरीब आणि असंघटित आहे, तेथे तिची निकड कोणालाच वाटत नाही.

परंतु यावरून मानकेच टाकाऊ ठरविणे म्हणजे चोराच्या हाती तराजू राहू देणे होय. नियम नसलेल्या बाजारात फायदा नेहमी बलवानाचाच होतो. हे सत्य विदर्भाने फार पूर्वी ओळखले. १८८६ साली वऱ्हाडात कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढच्या बाजार समित्यांचे मूळ तेथे आहे. प्रारंभी त्या व्यवस्थेमागे ब्रिटिश गिरण्यांचे हितसंबंध होते, हे खरे. तरीही पुढे शेतकऱ्याने उघड लिलाव, खरे वजन आणि ठरलेली हमाली हे हक्क मागितले ते त्याच चौकटीच्या आधाराने. मानक कोणी निर्माण केले याइतकेच ते कोणाच्या हाती आले, हेही महत्त्वाचे असते.

ते कोणाच्या हाती आहे, हे कायद्यातच पाहता येते. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घेतला की त्याचे चार भाग करावयाचे असतात. व्यापाऱ्याने मागणी केल्यास त्यांतील एक भाग अधिस्वीकृत प्रयोगशाळेकडे पाठवावाच लागतो. दोन अहवालांत फरक पडल्यास तिसरा भाग निर्देशित प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निर्णय अंतिम मानला जातो. ही तरतूद योग्यच आहे. आरोप ज्याच्यावर आहे त्याला दुसऱ्या मापाचा हक्क असलाच पाहिजे. मग हाच न्याय केंद्रावर उभ्या असलेल्या धान उत्पादकाला का नसावा? त्याच्या धानाचा दुसरा नमुना सीलबंद करून ठेवण्याचा, तो त्रयस्थ प्रयोगशाळेत पाठविण्याचा हक्क या कायद्याने त्याला दिलेला नाही. व्यापाऱ्याला तीन मापे आणि शेतकऱ्याला एक यंत्र, अशी ही वाटणी आहे.

दुसऱ्या मापाची किंमत काय असते, हे शेजारच्या बालाघाट जिल्ह्याने २०२० साली दाखविले. जुलैअखेर आणि ऑगस्टच्या आरंभी केंद्रीय अन्न खात्याच्या पथकाने मध्य प्रदेशातील बालाघाट आणि मंडला या जिल्ह्यांत गोदामांतून व एका रेशन दुकानातून तांदळाचे ३२ नमुने घेतले. दिल्लीच्या केंद्रीय धान्य विश्लेषण प्रयोगशाळेत ते तपासले गेले. निष्कर्ष असा निघाला की हा तांदूळ रेशनच्या मानकांत बसत नाही एवढेच नव्हे, तर तो जनावरांच्या खाद्याच्या लायकीचा आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत रोजगार गमावलेल्या माणसांच्या वाट्याला तो आला होता. राज्य सरकारला आर्थिक गुन्हे शाखेमार्फत चौकशी लावावी लागली. यातून घ्यावयाचा बोध असा: त्या तांदळाचीही गोदामात शिरताना तपासणी होणे नियमाप्रमाणे आवश्यक होते. गोदामाच्या दाराशी जे दिसले नाही ते दिल्लीत दिसले. फरक मानकात नव्हता. नमुना घेणारा आणि तपासणारा स्थानिक हितसंबंधांपासून दूर होता, एवढाच फरक होता. निःपक्षपातीपणा ही १७०२५ मधील पोकळ अट नाही. तो साऱ्या मापाचा पाया आहे.

हेच सूत्र आरोग्याला लागू पडते. पूर्व विदर्भातील आदिवासी आणि दलित कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. गावात होणारी विद्राव्यता चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. मूल केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. सहा महिन्यांखालील अर्भकात तर पहिली चाचणी फसवी ठरू शकते. असा एक चुकीचा अहवाल एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकतो किंवा एखाद्या बालकाचे औषध चुकवू शकतो. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी आयएसओ १५१८९ हे स्वतंत्र मानक आहे, परंतु त्यानुसार अधिस्वीकृती घेणे सर्वसाधारणपणे ऐच्छिकच राहिले आहे. मात्र मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळांना कोरोना चाचणीची मुभा देताना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एनएबीएल अधिस्वीकृतीची अट घातली होती. श्रीमंत-गरीब सर्वांना ग्रासणारी साथ आली तेव्हा जी अट शक्य झाली, ती गरिबांच्या नित्याच्या आजारात अशक्य का व्हावी?

या विवेचनावरून मागण्या स्पष्ट होतात. पहिली मागणी: प्रत्येक खरेदी केंद्रावर काटा आणि ओलावामापक यांच्या शेवटच्या पडताळणीची तारीख, ती कोणी केली हे, आणि दर्जाचे निकष मराठीत मोठ्या अक्षरांत फलकावर लावले जावेत. दुसरी: धान नाकारले गेल्यास कारण आणि आकडा लिहिलेली पावती मिळावी. तोंडी नकार हा कोणत्याही मानकात बसत नाही. तिसरी: नाकारलेल्या धानाचा नमुना शेतकऱ्यासमक्ष सीलबंद व्हावा आणि फेरतपासणीचा हक्क त्याला मिळावा. चौथी: त्यासाठी जिल्ह्यात धान्याच्या ओलाव्याची आणि प्रतवारीची अधिस्वीकृत सार्वजनिक प्रयोगशाळा असावी, तिचा खर्च शासनाने सोसावा, आणि खरेदी यंत्रणा, गिरणीमालक वा व्यापारी यांपैकी कोणाचाही तिच्यावर ताबा नसावा. पाचवी: गुणवत्ता ठरविणाऱ्या राष्ट्रीय आणि राज्य संस्थांच्या नियामक मंडळांवर शेतकरी, कामगार आणि ग्राहक संघटनांना प्रतिनिधित्व मिळावे.

मागण्या पूर्ण होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. २००६ च्या कायद्याचे कलम ४० ग्राहकाला स्वतः विकत घेतलेले अन्न शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार देते. माल कायद्याप्रमाणे नसल्यास ते शुल्क परत मिळते. किराणा दुकानातील तेल-तिखटापासून हा अधिकार वापरण्यास प्रारंभ करता येईल. खरेदी केंद्रांवर हंगामाच्या पहिल्या दिवशी पाच-सात कार्यकर्त्यांनी जावे, काट्यावरचा शिक्का पाहावा, ओलावामापकाच्या अंशशोधनाचा दाखला मागावा, आणि उत्तर मिळो वा न मिळो, त्याची तारीखवार नोंद ठेवावी. एकच धान दोन केंद्रांच्या यंत्रांत घालून आकडे ताडून पाहावेत. मोठमोठ्या प्रयोगशाळा एकमेकींची परीक्षा याच रीतीने घेतात. आठ तालुक्यांतील अशा नोंदी एकत्र झाल्या, तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाणाऱ्या निवेदनात रागाबरोबर पुरावाही असेल.

समाजवादी चळवळीने जमिनीच्या मालकीचा प्रश्न मांडला, मजुरीचा मांडला, भावाचा मांडला. भाव मिळाला तरी तो ज्या मापावर अवलंबून आहे ते माप परक्याच्या हाती राहिले, तर मिळालेला भावही वाटेतच गळून जातो. यंदाचा खरीप खळ्यावर येण्यापूर्वी प्रत्येक तालुका समितीने आपल्या हद्दीतील केंद्रांची यादी करावी, आणि कोणत्या केंद्रावर कोण जाणार हे ठरवूनच हा अभ्यासवर्ग उठावा.